नमुना बोलेल तेवढंच



संयोजकांनी मला दिलेला विषय आहे न्यायसहायक विज्ञानाचं शिक्षण आणि त्यातलं करिअर. पुढच्या रांगांत बारावीची आणि बीएस्सीची मुलं दिसतायत, मागे त्यांचे आईवडील. आईवडिलांचा प्रश्न मला न विचारताच कळतो : पोरीला यात नोकरी लागेल का? मुलांना घटनास्थळी जायचंय, हातमोजे घालून. दोघांनाही उत्तरं मिळतील, पण जरा वळसा घालून. माझी सारी नोकरी राज्याच्या प्रयोगशाळेत विषशास्त्र विभागात झाली, त्यामुळे मी बोलणार ते बाटल्या, लाखेची सीलं आणि अहवाल यांच्या वाटेनेच.

ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांकडे मी रसायनशास्त्र शिकलो. कोणतीही चाचणी करताना शेजारी एक कोरी चाचणी लावायची, म्हणजे नमुना सोडून बाकी सगळं तेच, हा त्यांचा दंडक होता. ज्याने ती लावली नाही त्याचं निरीक्षण ते वहीत लिहूच देत नसत. आम्हाला तेव्हा तो जाच वाटायचा. आज जे सांगणार आहे ते बरंचसं त्या दंडकाचंच पुढचं प्रकरण आहे.

आधी एक घोळ मिटवू. 'सीआयडी' मालिकेने महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांना डॉ. साळुंखे दिले. ते शवविच्छेदन करतात, विष ओळखतात, डीएनए जुळवतात, गोळी कोणत्या पिस्तुलातली ते सांगतात आणि जाहिरातींचा ब्रेक व्हायच्या आत एसीपी प्रद्युम्न यांच्या हाती निकाल देतात. माणूस लोभस आहे, पण असा हुद्दा कुठेच नाही. शवविच्छेदन करतो तो डॉक्टर. त्यासाठी एमबीबीएस आणि पुढे न्यायवैद्यकशास्त्रात एमडी लागतं. ज्याला मृतदेह तपासायचाय त्याने नीटचा अभ्यास करावा, बीएस्सीचा नव्हे. प्रयोगशाळेत विषशास्त्र, जीवशास्त्र व डीएनए, भौतिकशास्त्र, शस्त्र व दारूगोळा, सायबर असे वेगवेगळे विभाग असतात, आणि एका विभागातला माणूस दुसऱ्याच्या टेबलावरच्या कामाबद्दल मत देत नाही. आपल्या राज्यात तर बोटांचे ठसे आणि हस्ताक्षर या प्रयोगशाळेकडे नाहीतच. ते काम पुण्याला सीआयडीच्या अखत्यारीतल्या विभागांकडे चालतं. मुलाखतीला येणाऱ्या किती मुलांना हे माहीत नसतं, याचं मला कायम नवल वाटत आलं.

आता टेबलावर काय येतं ते पाहू. विषबाधेचा संशय असलेल्या प्रकरणात डॉक्टर व्हिसेरा राखून ठेवतात. एका रुंद तोंडाच्या बाटलीत जठर, त्यातला ऐवज आणि लहान आतड्याचा तुकडा, दुसरीत यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडाचे तुकडे, रक्त वेगळं. वर मिठाचं संपृक्त द्रावण. बाटली गळ्यापर्यंत भरायची नसते, एक तृतीयांश जागा रिकामी सोडायची, नाहीतर कुजण्यातून होणाऱ्या वायूने झाकण उडतं. या बाटल्यांबरोबर आणखी एक लहान बाटली यायला हवी, जिच्यात नुसतं तेच मिठाचं द्रावण असतं. ती कशाला, हे सरांच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. द्रावणातच काही असेल तर ते आधी कळलं पाहिजे.

पोलीस ठाण्याचा हवालदार हे पार्सल घेऊन काउंटरवर येतो. पहिलं काम रसायनशास्त्राचं नसतंच. लाखेची सीलं शाबूत आहेत का, त्यांची मोहोर बरोबर पाठवलेल्या नमुना मोहरेशी जुळते का, लेबलवरचं नाव, गुन्हा नोंदणी क्रमांक आणि पोलीस ठाणं पत्राशी मिळतं का, हे बघायचं. एका अक्षराचा फरक असेल तर तो नोंदवायचा. सील तुटलेलं असेल तर आत काहीही सापडो, पुढे कोर्टात त्या सापडण्याला किंमत उरत नाही. नव्याने आलेल्या मुलांना हे काम कारकुनी वाटतं. त्यांना यंत्रावर बसायची घाई असते. पण खटले सुटतात ते यंत्राने चूक केली म्हणून क्वचित. मुद्देमाल पोलीस ठाण्यातून निघाल्यापासून आमच्याकडे येईपर्यंत कुणाच्या ताब्यात होता याची साखळी तुटलेली असते म्हणून जास्त. रक्ताने भिजलेले कपडे सावलीत न वाळवता तसेच पॉलिथिनच्या पिशवीत कोंबून पाठवले, की आमच्याकडे उघडेपर्यंत त्यावर बुरशी चढलेली असते आणि डीएनएचा बोऱ्या वाजलेला असतो. ते कपडे कागदाच्या पाकिटात यायला हवेत. हे घटनास्थळावर ज्याला कळतं तो खरा उपयोगी माणूस.

विदर्भ-मराठवाड्यातून येणाऱ्या व्हिसेऱ्यांत सगळ्यात जास्त काय सापडतं, हे तुम्ही ओळखलं असेल. कीटकनाशकं. विष शेतकऱ्याच्या घरातच असतं, ते शोधायला लांब जावं लागत नाही. यकृताचा लगदा करून त्यातून सेंद्रिय द्रावकाने विष ओढून काढतात, अर्क शुद्ध करून आटवतात, आणि उरलेल्या थेंबभर अर्काची परीक्षा सुरू होते. सिलिका जेलचा पातळ थर दिलेली काचेची पट्टी घ्यायची. तळाशी केशनळीने तीन ठिपके द्यायचे : एक आपल्या अर्काचा, एक माहीत असलेल्या शुद्ध कीटकनाशकाचा, एक कोऱ्या चाचणीचा. पट्टी हेक्झेन आणि अॅसिटोनच्या मिश्रणात उभी केली की द्रावक वर चढू लागतो आणि ठिपके आपापल्या वेगाने त्याच्यामागे जातात. द्रावक दहाएक सेंटीमीटर चढला की पट्टी बाहेर काढून वाळवायची आणि फवारा मारायचा. गंधकयुक्त ऑरगॅनोफॉस्फरस असेल तर पॅलेडियम क्लोराइडच्या फवाऱ्याने पिवळा ते तपकिरी डाग उमटतो. अर्काचा डाग शुद्ध नमुन्याच्या डागाशेजारी, त्याच उंचीवर, त्याच रंगाचा आला आणि कोरी जागा कोरी राहिली, तर एक पायरी झाली. नक्की करायला पुढे जीसी-एमएस (गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री) यंत्र आहेच.

ही पातळ थराची पद्धत आज मुलांना जुनाट वाटते. पण छत्रपती संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, विभागीय प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञांनी १९८० आणि ९०च्या दशकांत याच पट्ट्यांसाठी नवे फवारे शोधले आणि त्यांचे निबंध 'अॅनालिस्ट'सारख्या इंग्लंडच्या नियतकालिकात छापून आले. महागडं यंत्र नव्हतं. रोजचं काम समोर होतं, आणि ते जास्त चोख कसं करता येईल हा विचार होता. या देशात न्यायसहायक विज्ञानात संशोधन करायचं तर अमेरिकेलाच जायला हवं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे निबंध काढून वाचावेत.

आता मुद्द्याचं. या सगळ्या खटाटोपानंतर अहवालात काय लिहायचं? कित्येक प्रकरणांत आमच्या अहवालाचा अर्थ एवढाच असतो की सामान्य व विशिष्ट रासायनिक चाचण्यांत या नमुन्यांत विष आढळलं नाही. पोलिसांत त्याला सीए रिपोर्ट म्हणतात, आणि असा रिपोर्ट आला की तपासी अंमलदाराचा चेहरा पडतो. 'साहेब, परत एकदा बघा ना.' ही विनंती माझ्या कानावर इतक्या वेळा आली आहे की तिच्या सगळ्या चाली मला पाठ आहेत. बहुतेकदा बिचाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला आरोपी ठाऊक असतो, गावाला ठाऊक असतो, फक्त बाटलीला ठाऊक नसतो. आमच्या नोकरीची परीक्षा तिथे होते. बाटलीला जे ठाऊक नाही ते आपण लिहायचं नाही.

मग गुन्हेगार सुटतो का? यावर पुण्यातलाच एक खटला आहे, वकील लोक आजही त्याचा दाखला देतात. अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य. पुण्यातल्या एका सधन, आजारी विधवा बाईंना त्यांचे डॉक्टर १९५६ च्या नोव्हेंबरात रात्रीच्या पॅसेंजरने मुंबईला घेऊन निघाले. बोरीबंदरला गाडी आली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल करताना डॉक्टरांनी नाव भलतंच सांगितलं. बाई त्याच दिवशी वारल्या. मृतदेह बेवारस म्हणून पडून राहिला आणि शवविच्छेदन झालं ते बऱ्याच दिवसांनी. व्हिसेरा रासायनिक विश्लेषकाकडे गेला. विष आढळलं नाही. तोवर इकडे नातेवाइकांना त्या बाईंच्या नावाने पत्रं येत होती, मी पुन्हा लग्न केलंय, सुखात आहे, अशी. आणि त्यांचे शेअर्स आणि बँकेतले पैसे डॉक्टरांकडे वळत होते. खून सिद्ध झाला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की विष सापडलं नाही एवढ्यावरून विषप्रयोग झालाच नाही असं होत नाही. परिस्थितीजन्य पुरावा पुरेसा भक्कम असेल तर दोषसिद्धी होऊ शकते. कुजलेल्या देहातून सगळीच विषं पकडता येत नाहीत, हे न्यायालयाला समजत होतं.

मला या खटल्यात गुन्ह्यापेक्षा त्या रासायनिक विश्लेषकाचा अहवाल महत्त्वाचा वाटतो. त्यात काही 'आढळलं असावं' असं लिहायचा मोह झाला नसेल कशावरून? पण अहवाल कोरा राहिला, आणि त्याच्या कोरेपणाने न्याय अडला नाही. काम वाटलेलं असतं. आपल्या वाटणीचं करावं, न्यायाधीशाच्या वाटणीचं त्याच्यावर सोडावं.

याच्या उलट, जास्त बोलल्याने काय होतं तेही पाहा. अमेरिकेच्या एफबीआयने आपल्या केस तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या जुन्या साक्षी तपासायला घेतल्या आणि २०१५ मध्ये जाहीर केलं की ज्या २६८ खटल्यांत केसांच्या सूक्ष्मदर्शी तुलनेचा आरोपीविरुद्ध वापर झाला होता, त्यांतल्या २५७ मध्ये तज्ज्ञांनी शास्त्राला पेलणार नाही असं काही सांगितलेलं होतं. २८ पैकी २६ तज्ज्ञ त्यात होते. ही माणसं लाचखाऊ नव्हती. केस 'सारखा दिसतो' इथे थांबायचं ते 'त्याचाच आहे' इथपर्यंत गेली. सरकारी वकिलाला तेच ऐकायचं होतं, ज्युरीला तेच ऐकायचं होतं, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला आपलं बोलणं उपयोगी पडावं असं वाटणं साहजिक होतं. कित्येक जण त्यापायी तुरुंगात गेले, काहींना मृत्युदंड झाला होता.

डीएनएकडूनही लोकांना हवं तेच ऐकायचं असतं. लोक त्याला गुन्हेगार पकडणारं शास्त्र समजतात. शास्त्रज्ञ अॅलेक जेफ्रीज यांना इंग्लंडमधल्या लेस्टरला १९८४ मध्ये डीएनए ठशाची युक्ती सुचली. तिथल्याच परिसरात दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते आणि एका सतरा वर्षांच्या मुलाने त्यांतल्या एकाची कबुलीही दिली होती. पोलिसांनी जेफ्रीजना नमुने दिले ते दुसराही खून त्याच्यावर शाबीत व्हावा म्हणून. डीएनएने सांगितलं की दोन्ही खून एकाच माणसाचे आहेत आणि तो माणूस हा मुलगा नव्हे. म्हणजे खुनाच्या तपासात डीएनएने पहिल्यांदा केलं काय, तर एका कबुली दिलेल्या निर्दोष पोराला सोडवलं. खरा गुन्हेगार त्यानंतर सापडला, हजारो पुरुषांचं रक्त तपासून, आणि तोही त्याने दुसऱ्यालाच आपल्या जागी रक्त द्यायला पाठवलं हे दारूच्या गुत्त्यातल्या गप्पांतून फुटल्यामुळे.

आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डॉ. लालजी सिंह यांनी डीएनए ठसे घेण्यासाठी जो शोधक तयार केला, त्याचं मूळ पट्टेरी मण्यार सापावरच्या त्यांच्या संशोधनात आहे. सापाच्या लिंगगुणसूत्रांचा अभ्यास करता करता ही गोष्ट हाती आली, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती केरळातल्या एका कोर्टात बाप कोण हे ठरवायला उभी राहिली. कोणतं मूलभूत विज्ञान कुठे कामाला येईल हे सांगता येत नाही, म्हणून मी पुढे शिक्षणाबद्दल जे म्हणणार आहे ते म्हणतो.

तत्पूर्वी एक हिशेब चुकता करतो. जगातल्या अगदी पहिल्या अंगुलिमुद्रा केंद्रांपैकी एक १८९७ मध्ये कोलकात्याला सुरू झालं, लंडनच्या चार वर्षं आधी. ठशांचं वर्गीकरण हेन्री पद्धत म्हणून जगभर गेलं, पण ज्या गणिताने लाखो ठशांची कार्डं १०२४ कप्प्यांत लावता आली, ते बसवलं काझी अझीझुल हक या तरुण फौजदाराने, आणि त्याच्या जोडीला होते हेमचंद्र बोस. पद्धतीला ज्यांचं नाव मिळालं ते एडवर्ड हेन्री पुढे लंडनच्या पोलीस दलाचे प्रमुख झाले. हक बिहारमध्ये पोलीस नोकरी करत राहिले. तक्रार म्हणून सांगत नाही, पण हे आपल्या मुलांना परदेशी पाठ्यपुस्तकातून कळावं, याचं मला वाईट वाटतं.

आता पालकांचा प्रश्न. भारतात न्यायसहायक विज्ञानाचा विद्यापीठीय अभ्यास सुरू झाला तो मध्य प्रदेशात सागर विद्यापीठात, १९५९ मध्ये. आज पदव्या बक्कळ आहेत. मुंबई, नागपूर आणि संभाजीनगरला शासनाच्या न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरचं गुजरात न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ २०२० मध्ये संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ झालं, त्याचा परिसर गोव्यातही आहे. खासगी महाविद्यालयांनी तर रीघ लावली आहे, आणि त्यांच्या माहितीपुस्तिकांत भिंगातून बघणाऱ्या मुलीचा फोटो असतोच. अशा पुस्तिकेपेक्षा प्रयोगशाळा बघून या. गॅस क्रोमॅटोग्राफ आहे का, आणि तो चालू आहे का. झाकण घातलेलं यंत्र मी खूप ठिकाणी पाहिलंय.

माझं मत स्पष्ट आहे आणि ते सगळ्यांना पटणार नाही. बारावीनंतर थेट न्यायसहायक विज्ञानाची पदवी घेण्यापेक्षा आधी एक मूळ विज्ञान पक्कं करा : रसायन, भौतिक, जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, नाहीतर संगणक. मग एमएस्सीला इकडे वळा. कारणं दोन. एक व्यवहाराचं. सरकारी प्रयोगशाळांच्या जाहिरातींत विश्लेषकाच्या पदाला कोणती पदवी चालेल ते नेमकं दिलेलं असतं, आणि रसायन विभागाच्या जागेला रसायनशास्त्राची पदवी मागितलेली असते तेव्हा 'सगळं थोडं थोडं' शिकलेली मुलं अर्जाच्या पहिल्याच गाळणीत अडकतात. मागच्या काही जाहिराती काढून वाचा. वैज्ञानिक सहायक, सहायक रासायनिक विश्लेषक या पदांपुढे काय लिहिलंय ते वहीत उतरवा आणि मग पदवी निवडा. आपण उलटं करतो, पदवी आधी आणि जाहिरात नंतर. दुसरं कारण उलटतपासणीत कळतं. तुमच्या यंत्राच्या आलेखावरचं ते लहानसं शिखर कशाचं, असं वकिलाने विचारलं तर पदवीचं नाव मदतीला येत नाही, रसायनशास्त्र येतं.

नेट परीक्षेत न्यायसहायक विज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. ज्याला शिकवायचंय त्याला तो मार्ग. फॅक्ट नावाची पात्रता परीक्षाही आहे. या परीक्षा नोकरी देत नाहीत, दार थोडं किलकिलं करतात.

नोकऱ्यांचं चित्र मात्र बदलतंय, आणि ते कायद्याने बदलतंय. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आणि त्याचं चित्रीकरण व्हायचं. राज्यांना यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. सात वर्षांच्या शिक्षेत किती गुन्हे बसतात याचा विचार करा : दरोडा, बलात्कार, खून, हुंडाबळी. प्रत्येक तालुक्यात रात्री दोनला फोन आल्यावर निघणारा प्रशिक्षित माणूस हवा. केंद्राने जून २०२४ मध्ये प्रयोगशाळा वाढवायला सव्वादोन हजार कोटींहून मोठी योजना मंजूर केली. महाराष्ट्रात फिरत्या व्हॅन आल्या. तेव्हा घटनास्थळावर जायची ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी काळ बरा आहे. फक्त नेमणुकीचं पत्र हातात घेताना ती कायम की कंत्राटी, हे वाचून घ्या. आणि घटनास्थळ म्हणजे चित्रपटातली खोली नव्हे. मे महिन्यात चंद्रपूरच्या एखाद्या विहिरीतून चार दिवसांनी काढलेला देह असतो तिथे. पहिल्यांदा मळमळणं ही काही अपात्रता नाही. सगळ्यांना होतं.

सरकारी चाकोरीबाहेर आज सगळ्यात जास्त मागणी सायबरला आहे. बँका, विमा कंपन्या, हिशेब तपासणाऱ्या मोठ्या संस्था मोबाइल आणि संगणक तपासणारी माणसं घेतात. इथेही सील आहेच, फक्त ते लाखेचं नाही. मूळ डिस्कवर काही लिहिलं जाऊ नये म्हणून अडसर लावायचा, तिची हुबेहूब प्रत काढायची, दोन्हींची हॅश किंमत काढून ती तंतोतंत जुळते का पाहायचं. एक स्वल्पविराम बदलला तरी ती अक्षर-अंकांची माळ पूर्ण बदलते. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र हवंच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठामपणे सांगितलं ते जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. आता नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मधल्या प्रमाणपत्रात हॅश किंमतही लिहायची असते. मराठी मुलांनी या निकालाचा अभ्यास तरी घरचा म्हणून करावा.

पगाराबद्दल विचारणार असाल तर श्रीमंत होण्याचा हा रस्ता नव्हे, उपाशीही राहत नाही. कामाचा ढीग मात्र न संपणारा. आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांत मोठा वाटा दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांच्या रक्ताचा. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आहे का, दिवसभर तेच. कंटाळा येतो. रक्तात सोडियम फ्लोराइड घातलेलं नसेल तर जंतू बाटलीतच दारू गाळतात, त्यामुळे कंटाळा आला तरी लेबल वाचावं लागतं. आणि मग एके दिवशी, जसं जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत झालं, विषारी दारूने माणसं पटापट मरायला लागतात. तेव्हा शंभरांहून अधिक गेले. अशा दिवसांत मिथेनॉलचा निष्कर्ष लवकर हाती आला तर रुग्णालयात उपचार ठरतात, पिंपं जप्त होतात. रोजच्या रटाळ कामाने ज्याचा हात बसलेला असतो तोच अशा वेळी न गोंधळता काम करतो.

शेवटी कोर्ट. आमचा अहवाल कायद्याने आम्हाला न बोलावताही पुराव्यात घेता येतो; जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ मध्ये ज्यांच्या अहवालांना ही सवलत होती त्या यादीत मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या संचालकांचंही नाव होतं. त्यामुळे कित्येक विश्लेषक वर्षानुवर्षं पिंजऱ्यात उभेच राहत नाहीत. पण समन्स आलं की जावं लागतं. बचावाचे वकील साधारण हेच विचारतात.

'यकृतात मोनोक्रोटोफॉस सापडलं. बरोबर?'

'हो.'

'ते मयताने स्वतः घेतलं की कुणी पाजलं, हे तुम्हाला सांगता येईल?'

'नाही.'

'किती घेतलं?'

'प्रमाण काढलेलं नाही. सांगता येणार नाही.'

'शेतात फवारणी करताना अंगात जाऊ शकतं?'

'जाऊ शकतं.'

सरकारी वकील या वेळी कागद चाळत असतात. बाहेर आल्यावर तपासी अंमलदार दोन दिवस बोलत नाही. चहा मात्र आणून देतो. आपण चार प्रश्नांना दिलेली चारही उत्तरं खरी असतात, आणि आरोपीने ते विष दुकानातून कधी घेतलं, भांड्यात कोणी ओतलं, हे सिद्ध करायला बाकीचे साक्षीदार असतात.

हे ज्याला जमेल असं वाटतं, त्याने अर्ज भरायच्या आधी एक काम करावं. जिल्हा सत्र न्यायालयाची सुनावणी खुली असते, पास लागत नाही. सुट्टीत एखाद्या दिवशी जाऊन मागच्या बाकावर बसा, आणि फलकावर खुनाचा खटला शोधा. डॉक्टरची किंवा तज्ज्ञाची साक्ष चालू असली तर नशीब, नाहीतर पंच फितूर होताना दिसेल, तेही शिकण्यासारखं. कोर्ट अकराला बसतं. मोबाइल बंद ठेवा, आणि न्यायाधीश आत आले की उभे राहा.